माजी सैनिक म्हणजे फक्त जनरल नव्हेत

‘संरक्षण धोरण ठरवणं हे लोकप्रतिनिधींचं काम, निवृत्तांनी त्यात पडू नये’ हे माजी सैनिकांविषयीच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. निर्णय सरकारचाच, यावर वादच नाही. पण विचारायचंसुद्धा नाही? कारगिल युद्धाचा आढावा घ्यायला १९९९ साली नेमलेल्या सुब्रह्मण्यम समितीत निवृत्त लेफ्टनंट जनरल हजारी होते. त्यानं लोकशाहीला कुठे धक्का बसला?

माझी तक्रार उलटी आहे. ऐकलं जातं ते बड्या अधिकाऱ्यांचंच. माझे बाबा नौदलात विमानांचे मेकॅनिक, गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर सी हॅरियर लढाऊ विमानं सांभाळायचे. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुवायचं, कुठल्या रिव्हेटपाशी गंज आधी धरतो ते बोटानं चाचपून ओळखायचं. हा हात बसायला वर्षं जातात, असं ते सांगतात. २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम. तेव्हा टीव्हीवर जनरल भांडत होते. वास्कोतल्या बाबांसारख्या निवृत्त नौसैनिकांना कोणी काही विचारलं नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं त्यांनाही बोलवावं. आणि शस्त्रकंपनीत नोकरी धरलेल्या निवृत्तांनी तोंड उघडण्याआधी ते जाहीर करावं, एवढी अट मात्र हवीच.