एकदा अफेअर सापडलं की पोटगी झिरो? नाही हो

बायकोचं एकदा जरी अफेअर सापडलं तरी पोटगी कायमची बंद, असा मेसेज सगळीकडे फिरतोय, तो अर्धवट आहे. आधीच्या सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 125(4) मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 144(4) मध्ये शब्द आहेत 'व्यभिचारात राहत असेल तर', म्हणजे संबंध चालू हवेत, कधीतरी एकदा पाय घसरला एवढ्यावर कोर्ट सहसा पोटगी नाकारत नाही आणि पुरावा द्यायचा तो आरोप करणाऱ्या नवऱ्यानेच, दोन-चार चॅटचे स्क्रीनशॉट दाखवून भागेलच असं नाही. मुलांची पोटगी तर वेगळीच, आईच्या वागण्यावरून ती कापता येत नाही. आणि 2018 मध्ये व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण अजूनही आहे, लोक नेमका इथेच घोळ घालतात.