मुलाखत फक्त घेणाऱ्यालाच कळते का?

गुणात्मक संशोधनातील, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आधारलेल्या अभ्यासातील, मुलाखती दुसऱ्या संशोधकाला देऊ नयेत, कारण त्या घेणाऱ्यालाच कळतात, त्या दिल्याने मुलाखत देणाऱ्यांचा विश्वासघात होतो आणि नावे झाकली की त्यांत काही उरत नाही, हे विधान संशोधकांच्या वर्तुळात सर्रास फिरते.

पहिला मुद्दा आकलनाचा. बोलणाऱ्याचा थबकलेला हात किंवा दारात उभी असलेली सासू शब्दांकनात येत नाही, हे मान्य. तरीही इंग्लंडमधील ल्यूटन येथे १९६० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या कारखाना-कामगारांच्या मुलाखती जपून ठेवल्या गेल्या, म्हणूनच माइक सॅव्हेज या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञांना सुमारे चाळीस वर्षांनी त्या नव्याने वाचता आल्या. मूळ अभ्यासाने सामाजिक वर्गाविषयीची उत्तरे ठरावीक खान्यांत बसवली होती. सॅव्हेज यांना त्याच उत्तरांत, आपण साधीसुधी माणसे आहोत, हा कामगारांचा आग्रह ठळकपणे दिसला. मूळ लेखक चुकले असे यातून सिद्ध होत नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते, एवढेच.

विश्वासघाताच्या मुद्द्यासाठी अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पाचा दाखला हमखास दिला जातो. उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करताना त्यांना त्यांच्या हयातीत गुप्तता राखण्याचे वचन दिले गेले, आणि २०११ साली ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेत त्या ध्वनिफितींसाठी समन्स निघाले. परंतु त्या फिती इतर संशोधकांना खुल्या नव्हत्या, कुलूपबंद होत्या. कायद्यापुढे टिकणार नाही असे वचन देणे ही खरी चूक होती.

नावांचा मुद्दा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ‘तालुक्यातील एकमेव महिला पशुवैद्यक’ असा उल्लेख राहिला, तर नाव खोडून काहीच साधत नाही. तेथे मजकूरच बदलावा लागतो, नाहीतर वाचनाची परवानगी मर्यादित ठेवावी लागते. उलट हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या, लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी ज्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर आल्या आहेत, त्यांच्यासोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिले जाते. ओव्या म्हणजे मुलाखती नव्हेत, हे खरे. पण नाव झाकणे म्हणजेच सन्मान राखणे, हे गृहीतक त्यांच्यापुढे टिकत नाही.

अडचण बहुधा संमतीपत्रकातच असते. ‘ही माहिती केवळ या अभ्यासासाठी वापरली जाईल’ हे वाक्य जुन्या नमुन्यावरून न वाचताच उतरवले जाते. ज्या मुलाखती त्या वाक्यावर विसंबून दिल्या गेल्या, त्या मात्र मुलाखत देणाऱ्यांना पुन्हा विचारल्याशिवाय कोणालाही देता येणार नाहीत.