वाघ नाही, हगवण

काल तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आमच्या पणजोबांची अब्रू गेली, आणि ती घालवायचे दोनशे रुपये मीच मोजले.

पणजोबा वाघाशी झुंजताना गेले असं आमच्या घरात सांगतात. वाघ दर पिढीला हातभर वाढतो. आत्याच्या पंचाहत्तरीला वंशावळ छापायची ठरली, तारीख कोणालाच माहीत नाही, म्हणून मी गेलो गाव नमुना नंबर 14 बघायला, म्हणजे सगळे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची वही. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची तिथं रीघ, त्यामुळे क्लार्कनं माझ्या अर्जावर कारण म्हणून 'जातीचा दाखला' स्वतःच लिहून टाकलं. म्हटलं, नाही हो, सहज बघायचंय. "सहज असं लिहिता येत नाही."

नोंदी मोडीत. लेखणी न उचलता लिहिलेल्या, शब्द कुठं संपतो पत्ता नाही, सांडलेल्या शेवयाच. तिथं एक मोडीवाले काका बसतात, पानाला शंभर. कानानं अधू, त्यामुळे ते वाचतात ते अख्ख्या खोलीसाठी.

"सन 1919! पुरुष! वय अदमासे चाळीस! कारण..." भिंग खाली आलं. "हगवण!"

पंधरा-वीस माना वळल्या. दारातून शिपाई म्हणाला, "संडास बाहेर, डाव्या हाताला."

"काका, वाघ असेल, नीट बघा."

"हगवण."

"मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं ना, म्हणून वाचताना काही..."

"हगवणीत ऱ्हस्व-दीर्घ कुठं आलं?"

शेजारी थर्मास घेऊन बसलेल्या एका गृहस्थांना माझी दया आली, आणि तीच नको होती. म्हणाले, "आमचे आजोबा 1918 ला, मानमोडीत." चेहऱ्यावर असा भाव की जणू आजोबा पानिपतावर पडले. "मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झा, जगाची साथ हो. प्लेगचं तर बोलूच नका, प्लेगपायी चाफेकरांनी रँडला गोळी घातली 1897 ला. पटकी पण चालते, पटकीला मरीआई आहे. देवीचं तर नावच देवी. हगवणीला..." बराच विचार केला त्यांनी, खरंच मनापासून केला, "हगवणीला कोण नाही हो." मग मला कपभर चहा दिला आणि म्हणाले, "पाणी उकळून पीत जा तुम्ही. घराण्यात आहे."

हसतोय मी आत्ता, पण चिडलोय. पान उलटताना कागदाचा तुकडा हातात आला. मोबाईलनं फोटो काढायला बंदी, आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायला मात्र कोणी काही बोलत नाही. पणजीची नोंद दुसऱ्या वहीत सापडली, तर नावच नाही. अमक्याची बायको, ताप, बस्स. नवऱ्याला निदान हगवण तरी स्वतःच्या नावावर मिळाली. तिच्या पानाचे शंभर वेगळे. वंशावळीत तिच्या जागी काय छापायचं ते आता मला ठरवायचंय, आणि आत्याला तिचं नाव आठवत नाही.

रात्री आत्याचा फोन. "काय रे, वाघाचं निघालं का?"

"अक्षर पुसट आहे म्हणे."

"मी म्हटलंच होतं," आत्या म्हणाली.

शिक्क्याची नक्कल मंगळवारी मिळणार. थर्मासवाल्यांचं काम पण मंगळवारीच आहे.