मॉरिस मायनरचे मागचे ब्रेक आणि फिरता मेसेज

‘मायनरचे मागचे ड्रम ब्रेक म्हणजे इंग्रजांनी केलेली चूक. दोन शूंपैकी एकच काम करतो. ऑइल लागलं तर शू पॉलिश पेपरने घासा, हँडब्रेक सैल वाटला तर केबल ताणा, नाहीतर सरळ मागे डिस्क बसवा.’ मॉरिस मायनर ही जुनी इंग्रजी गाडी, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत हा मेसेज इतका फिरलाय, की आता लोक त्याबरहुकूम पाने चालवायला लागलेत.

आधी ‘एकच शू’. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, आणि शू म्हणजे आतून त्याला दाबून थांबवणाऱ्या दोन कमानी. मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग आहेत, म्हणजे गाडी पुढे जाताना फिरता ड्रम दोघांनाही आपल्याकडे खेचून घेतो. रिव्हर्समध्ये मात्र हेच ब्रेक ढिले पडतात. म्हणून मागे मुद्दाम एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग, म्हणजे ड्रम ज्याला दूर ढकलतो असा, ठेवलाय. चाक उलटं फिरलं की दोघांच्या भूमिका बदलतात, आणि चढावर उभी केलेली गाडी मागे घरंगळत नाही. हँडब्रेक मागच्याच चाकांना आहे, तो काही उगाच नाही.

पण एकच शू झिजतो ही तक्रार खरी असते. दोष असतो बसवणाऱ्याचा. मागच्या व्हील सिलेंडरला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर शूंना ढकलणाऱ्या सिलेंडरला, पिस्टन एकाच बाजूला. तो एका शूला ढकलतो, आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा सिलेंडर बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) खाचेत सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. खाच जाम झाली की संपलं. माझ्या गाडीचा ड्रम उघडला तेव्हा एका शूचं लायनर (ड्रमला घासणारा वरचा थर) झिजून पत्र्याला टेकलेलं आणि दुसऱ्यावरचा छापील नंबर अजून वाचता येत होता! गॅरेजवाल्याने बॅक प्लेट हौसेने रंगवली होती, खाचेसकट. रंग खरवडला, ब्रेक ग्रीसचं बोट फिरवलं, सिलेंडर हाताने सरकायला लागला. नवा पार्ट एकही लागला नाही.

पॉलिश पेपरचा सल्ला तर घातकच. लायनर ऑइल पिऊन बसतं. वरून घासलं तरी घाटात तापलं की ते पुन्हा पाझरतं. आधी वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास आला तर हबचं सील गेलंय, नाहीतर व्हील सिलेंडर गळतोय. ते बदला, मग दोन्ही चाकांचे शू नवे घाला. शिवाय जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ घासून किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

केबल सगळ्यात शेवटी. आधी ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून शू ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर फिरवा, चाक जाम होईपर्यंत, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. केबल आधी ताणली तर शू जागेवर परतत नाहीत आणि ड्रम तापतो.

मागे डिस्क? ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा जबर झाला तर ओल्या रस्त्यावर ढुंगण आधी फिरेल.

इंग्रजांना बोल लावायचाच, तर मास्टर सिलेंडरवरून लावा, म्हणजे पेडल दाबलं की चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलेंडरवरून. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोटात बसवलाय. ब्रेक ऑइल बघायला कार्पेट उचलावं लागतं, म्हणून कोणी बघतच नाही. आणि उचललंच, तर बूच खोलण्याआधी वरची माती पुसून घ्या, नाहीतर ती थेट ऑइलमध्ये.