त्या चाळीस सेकंदांसाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका

माझी मावशी सहा दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून आहे. भातलावणीनंतर काकांना लेप्टो (चिखलपाण्यातून होणारा संसर्ग) झाला, तो फुप्फुसांत उतरला, सिंधुदुर्गातून गोव्याला हलवलं आणि श्वासाची ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. निदान एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं आणि रक्ताला ऑक्सिजन पुरत नाही. काल रात्री अकराला तिचा फोन आला, "अगं, तू भूल देतेस ना? मग त्या डॉक्टरांना सांग की ते चाळीस सेकंदांचं करायला. आम्ही विचारलं तर नुसतं नाही म्हणाले."

पाठोपाठ फॉरवर्ड आला. तो असा: मिटलेलं फुप्फुस म्हणजे चिकटलेला फुगा, व्हेंटिलेटरनं चाळीसचा दाब चाळीस सेकंद दिला की उघडतो. हॉस्पिटलवाले मुद्दाम करत नाहीत, कारण पेशंट लवकर सुटला तर बिल कसं होणार? उलट एका श्वासाला ५०० मिलीऐवजी ३५० मिलीच हवा देतात आणि पालथं झोपवून वेळ काढतात. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

बिलाचं आधी उरकते. हा प्रकार करायला औषध लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. व्हेंटिलेटर तोच, फक्त दाब वाढवायचा, दोन मिनिटांचं काम. ते टाळून कुणाचं बिल कसं वाढतं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बिलावरून भांडायचं तर जरूर भांडा, कारणं पुष्कळ सापडतील.

आता फुगा. सगळं नुकसान या एका उपमेनं केलंय. एआरडीएसचं फुप्फुस फुग्यासारखं सगळीकडून सारखं मिटत नाही. भिजलेल्या गोधड्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. वरच्या गोधड्यांच्या भारानं खालच्या चेपतात. रुग्ण उताणा असतो, म्हणून पाठीकडचा भाग पाण्यानं आणि भारानं मिटतो आणि छातीकडचा थोडा भाग उघडा राहतो. इटलीतले डॉक्टर गॅटिनोनी त्याला 'बेबी लंग' म्हणतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीत लहान मुलाएवढं चालतं फुप्फुस. बाहेरून जोर लावला की हवा सोप्या वाटेनं जाते, या उरलेल्या चांगल्या भागात. मिटलेलं उघडेल तेव्हा उघडेल, उघडं आहे ते आधी ताणलं जातं. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी कोसळतं. फुप्फुस फाटून हवा बाहेर आली तर छातीत नळी टाकावी लागते.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ब्राझीलमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं ९ देशांतल्या १२० आयसीयूंत १,०१० रुग्णांवर हेच तपासलं गेलं. 'आर्ट' या नावाचा हा अभ्यास २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाची फुप्फुसं दाब चढवत नेऊन उघडली आणि पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, वर ठेवून उघडी राखली, दुसऱ्याला नेहमीचे कमी पीपचे उपचार दिले. काही रुग्णांचं हृदय थांबलं म्हणून मध्येच दाब कमी करावे लागले. २८ दिवसांत पहिल्या गटातले ५५.३ टक्के गेले, दुसऱ्यातले ४९.३ टक्के. ज्यांची फुप्फुसं 'उघडली', तेच जास्त दगावले. 'पण आमचं चाळीस सेकंदांचंच आहे' असंही कुणी म्हणेल. युरोपच्या अतिदक्षता तज्ज्ञांनी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत लांबलेला प्रकार करू नका असं ठामपणे सांगितलंय, आणि थोडक्यातला, म्हणजे या चाळीस सेकंदांसारखा, प्रकारही सरसकट नको असं सुचवलंय.

एक मान्य करावं लागेल, जिवावर येतंय तरी. ही कल्पना कुणा भोंदूची नाही. लाखमन या डॉक्टरांनी १९९२ मध्ये 'फुप्फुस उघडा आणि उघडं ठेवा' या अर्थाचा लेख लिहिला आणि जगभर आम्ही सगळे तो मंत्र जपत होतो. मी स्वतः ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल दिलेल्या धडधाकट फुप्फुसाच्या रुग्णाला, बेतानं असं फुगवते. एआरडीएसमध्येही सॅच्युरेशन चढतं, खोटं नाही. म्हणून तर लोक फसतात.

सॅच्युरेशन चढलं म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे २००० सालीच कळलं होतं. आणि ३५० मिलीचं उत्तरही तिथेच आहे. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे १२ मिली हवा दिली, दुसऱ्याला ६, दर श्वासाला. सुरुवातीच्या दिवसांत जास्त हवेच्या गटाचा ऑक्सिजन चांगला दिसत होता. पण मेले ते त्या गटात ३९.८ टक्के, कमी हवेच्या गटात ३१ टक्के. काकांची उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे हिशेबानं साधारण ३७० मिली. वजनकाट्यावर ते ९२ किलो भरतात, पण पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. म्हणजे जी कपात म्हणून सांगितली जाते, ती मोजूनमापून दिलेली मात्रा आहे.

राहिलं पालथं झोपवणं. गोधड्यांची चवड उलटी केली की दबलेल्या मोकळ्या होतात, इतकं साधं आहे ते. फ्रान्समधल्या गेरँ यांच्या २०१३च्या अभ्यासात गंभीर रुग्णांना दिवसातले किमान १६ तास पालथं ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. नळ्या सांभाळत बेशुद्ध माणूस उलटायला चार-पाच जणांचे हात लागतात. वेळ काढणारे लोक एवढे कष्ट कशाला घेतील?

मावशीला म्हटलं, डॉक्टरांना विचारायचंच असेल तर प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास भरल्यावर फुप्फुसावर पडणारा दाब, तीसच्या आत आहे का ते विचार. आणि काकांचा चेहरा सुजलेला दिसेल, घाबरू नकोस. पालथं झोपल्यानं येते ती सूज, उतरते.