'पारंपरिक' म्हणे!

आज लेकीच्या शाळेत गाण्यांचा कार्यक्रम होता. कॅन्ससमधली शाळा, त्यामुळे 'होम ऑन द रेंज' असणारच. १९४७पासून राज्यगीत आहे ते. पोरं गोड गायली. पण हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत गाण्यापुढे काय छापलेलं? 'पारंपरिक'. डोकंच फिरलं माझं.

पारंपरिक कसलं? डॉक्टर ब्रूस्टर हिगलीनं लिहिलंय ते! १८७१ साली मागचा संसार उधळून हा माणूस याच राज्यातल्या स्मिथ काउंटीत आला, ओढ्याकाठी एका खोलीत राहिला आणि तिथे ही कविता लिहिली. चाल लावली डॅन केलीनं. सुतारकाम करायचा, फिडल वाजवायचा. तिथल्या छोट्या वर्तमानपत्रांतून तेव्हा छापूनही आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते तेव्हा मी त्यांना ती खोली दाखवायला नेलं होतं. बाबांनी चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. ओंडक्यांची एवढीशी खोली आणि भोवती नजर पोचेल तिथवर गवत. बाबांनी फोन उंच धरून पाहिला आणि म्हणाले, "रेंजच नाही गं इथे." हसून हसून माझ्या पोटात दुखलं. (गाण्यातली रेंज म्हणजे मोकळं कुरण, आपल्याकडचं गायरान म्हणा.) मग आत डोकावून एकदम गंभीर झाले. "पेशंट बसायचे कुठं?"

आणि हे काही आज उघडकीला आलेलं गुपित नाही हो. हे गाणं रेडिओवर गाजत होतं तेव्हा, १९३४ साली, ॲरिझोनातल्या एका जोडप्यानं 'गाणं आमचं' म्हणून पाच लाख डॉलरचा दावा ठोकला. त्यांनी १९०५ मध्ये हक्क नोंदवले होते. तेव्हा प्रकाशकांचा वकील सॅम्युअल मोनफेल्ट गावोगाव हिंडला, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब घेतले आणि पोचला थेट स्मिथ काउंटीत. म्हणजे शोध लागून नव्वद वर्षं झाली आणि आमच्या शाळेचं अजून 'पारंपरिक'च!

बरं, मान्य. हिगलीच्या मूळ कवितेत 'होम ऑन द रेंज' हे शब्दच नाहीत, ते गाणाऱ्यांनी घातले. लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्सनं १९१० च्या पुस्तकात जे रूप छापलं, ते त्यानं सॅन अँटोनिओतल्या दारूचा गुत्ता चालवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाकडून ऐकलं होतं. मग त्याचंही नाव घ्या ना! ते किती जणांना ठाऊक आहे? चार जणांनी गाणं घडवलं म्हणून कुणाचंच नाव लिहायचं नाही, हा कुठला न्याय?

खरं सांगू? मला बाबांचं ते दारात उभं राहणं आठवत होतं. बाबाही लिहायचे. औषध कंपन्या फुकट देतात ना पॅड, त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. आम्ही त्या कागदांवर गणितं सोडवली. हिगलीची कविता म्हणे एका ओळखीच्यानं पाहिली आणि 'चाल लावून घे' म्हणून मागे लागला. बाबांच्या मागे कुणी लागलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

शाळेच्या बाईंना मेल लिहून ठेवलाय, सकाळी जरा सौम्य करून पाठवीन. आणि भारतात उजाडलं की आईला फोन करायचाय. माळ्यावरच्या ट्रंकेत ते कागद अजून आहेत, की रद्दीत गेले?