नऊशे नव्हे, आठ

नांदेडच्या मामांचा मेसेज एरवी मी उघडलाही नसता. पण या खेपेला तो आमच्या सहावीतल्या भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या वहीत जाऊन बसला. हात उंचावून ती म्हणत होती, "नऊशे हिंदू वीर हैफाच्या मातीत धारातीर्थी पडले!" आणि घरातले सगळे टाळ्या वाजवत होते. मग मात्र मला गप्प बसवेना.

मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात तो असा: पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ ला, आजच्या इस्रायलमधलं समुद्रकाठचं हैफा शहर भारतीय घोडदळाने तुर्कांच्या ४०२ वर्षांच्या गुलामीतून मुक्त केलं. समोर मशीनगन, आपल्या वीरांच्या हाती फक्त भाले आणि तलवारी. इंग्रज म्हणाले मागे फिरा, हे म्हणाले फिरणार नाही. नऊशे शहीद झाले. जगाच्या इतिहासातला घोडदळाचा हा शेवटचा हल्ला. दिल्लीतल्या तीन मूर्ती म्हणजे त्या वीरांचेच पुतळे, आणि नेहरूंनी हे सगळं दडपून ठेवलं.

आधी त्या नऊशेंकडे बघू. हैफावरच्या हल्ल्यात जोधपूर लान्सर्स आणि मैसूर लान्सर्स अशा, इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या दोन संस्थानी रेजिमेंट होत्या. त्या काळी घोडदळाच्या एका रेजिमेंटमध्ये साधारण पाचशेच्या आसपास माणसं. म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम हजार. त्यातले नऊशे पडले असते, तर संध्याकाळी शहर ताब्यात कुणी घेतलं? त्या दिवशी १,३५० कैदी पकडले गेले. उरलेल्या शंभरांनी त्यांना काय दावणीला बांधून ठेवलं होतं? लष्करी नोंदीतला आकडा सरळ आहे: ८ ठार, ३४ जखमी. जोधपूरच्या तुकडीचं नेतृत्व करणारे मेजर दलपतसिंह शेखावत त्या आठांतले एक.

नऊशेच्या आकड्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. पहिल्या महायुद्धातल्या जवळपास नऊशे भारतीय सैनिकांची स्मृती आजच्या इस्रायलमधल्या दफनभूमींत जपलेली आहे. पण त्या हैफा, जेरुसलेम, रामले अशा वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि ते मृत्यू पॅलेस्टाइनच्या अख्ख्या मोहिमेतले आहेत. कुणीतरी ती सगळी बेरीज उचलली आणि एका दुपारच्या खात्यावर टाकली. यात मानहानी त्या आठांचीच होते, कारण 'फक्त आठ' म्हणताना लोकांना ओशाळल्यासारखं होतं. इतक्या अवघड जागी इतकी कमी माणसं गमावणं हीच तर त्या स्वारांची करामत!

जागा खरोखर अवघड होती. एका अंगाला कार्मेलचा डोंगर, दुसऱ्या अंगाला किशोन नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीतून शहरात जाणारी वाट. वर डोंगरावर तोफा. नदीकाठची वाळू इतकी दगाबाज, की टेहळणीला पुढे गेलेल्यांचे घोडे तिच्यात रुतले. तेव्हा जोधपूरच्या स्वारांनी ऐन माऱ्यात डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्याच्या मशीनगनवरच धाव घेतली, त्या काबीज केल्या आणि तसेच शहरात घुसले.

पण 'इंग्रजांचा हुकूम मोडून' हे कुठून आणलं? अख्खी ब्रिगेड इंग्रज ब्रिगेडियरच्या हाताखाली होती आणि हल्ला ठरवून, हुकमानेच झाला. मैसूरची एक तुकडी कार्मेलवर चढली, तिच्या जोडीला शेरवूड रेंजर्स या इंग्रज घोडदळाची तुकडी होती, आणि पाठीमागून इंग्रजांच्या तोफा मारा करत होत्या. भाले होते हे खरं. फक्त भालेच होते हे खोटं.

शेवटचा हल्ला? याच जोधपूर-मैसूरच्या स्वारांनी जेमतेम महिन्याभराने, २६ ऑक्टोबरला, सीरियातल्या अलेप्पोजवळ हरितान इथे पुन्हा हल्ला चढवला. इटालियन घोडदळाने तर १९४२ मध्ये रशियात चढवला. पुढे चला.

४०२ वर्षांचा हिशेब बरोबर आहे, १५१६ पासून तिथे उस्मानी सत्ता होती. पण 'मुक्त' कसलं? तुर्क गेले, इंग्रज आले आणि १९४८ पर्यंत हलले नाहीत.

मामांनी निदान पुढचा मुद्दा तरी नीट वाचायला हवा होता. तीन मूर्ती हे एकट्या हैफाचं स्मारक नाही. ते पंधराव्या इम्पीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडचं, म्हणजे संस्थानांच्या घोडदळांच्या ब्रिगेडचं आहे. शिलालेखात वर्षं आहेत १९१४ ते १९१९ आणि प्रदेश आहेत सिनाई, पॅलेस्टाइन आणि सीरिया. लिओनार्ड जेनिंग्ज या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले ते तीन स्वार तीन संस्थानांचे: जोधपूर, मैसूर आणि हैदराबाद. हैदराबाद लान्सर्स हैफाच्या त्या हल्ल्यात नव्हतेच, तरी पुतळा त्यांचाही आहे, कारण ब्रिगेड त्यांचीही होती. आणि १९१८ साली नांदेड कुठे होतं, मामा? निजामाच्या राज्यात. परभणी, बीड, औरंगाबाद, सगळं तिथेच. म्हणजे त्या तिघांतला जो स्वार आपल्या मुलखातल्या संस्थानाचा, त्यालाच तुमच्या 'हिंदू वीर' या दोन शब्दांनी घोड्यावरून खाली उतरवलं. या मेसेजमधला मला सगळ्यात जास्त खुपलेला भाग हा.

राहिले नेहरू. पुतळे त्यांच्या कितीतरी आधीचे. मागचं घर बांधलं ते कमांडर-इन-चीफसाठी, त्याचं नाव होतं फ्लॅगस्टाफ हाउस. स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान तिथे राहायला आले आणि ते घर देशभर ओळखलं गेलं ते तीन मूर्ती याच नावाने. इतिहास दडपायची ही रीत भलतीच. संस्थानांची घोडदळं एकत्र करून भारतीय लष्कराची ६१ वी कॅव्हलरी उभी राहिली ती १९५३ मध्ये, म्हणजे नेहरूंच्याच काळात, आणि ती दर २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळते. शाळेच्या पुस्तकात आपल्याला हे शिकवलं नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. मलाही नव्हतं शिकवलं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण भावना तर चांगली आहे ना!"

भाचीची अडचण वेगळीच निघाली. "आत्या, आठ म्हटलं तर टाळ्या येणार नाहीत." मग तिला म्हटलं, त्या दिवशी ६० घोडे मेले आणि ८३ जखमी झाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. वहीतला नऊशेचा आकडा तिने स्वतःच खोडला आणि खाली लिहिलं: माणसं आठ, घोडे साठ. आता ती मला विचारतेय, दलपतसिंहांच्या घोड्याचं नाव काय होतं?